चंद्रज्योतीच्या बिया

निवृत्त शिक्षकाच्या माळ्यावर काय काय निघतं, ते त्याच्या घरच्यांना विचारावं. परवा दिवाळीची आवराआवर करताना आमच्या माळ्यावरून डबेच डबे निघाले. बिस्किटांचे, बेसनाचे, एक तर साजूक तुपाचा, अजून वास असलेला. सूनबाईनं एकेक झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. चिंचोके, सीताफळाच्या बिया, सरकी, बाभळीच्या शेंगा, चुरा झालेली पानं. "आई, हे सगळं ठेवायचं आहे का?" असं तिनं विचारलं, त्यातला सूर मला बरोबर कळला. मी म्हटलं, "टाक सगळं. तो लहान डबा तेवढा इकडं दे."

त्या लहान डब्यात काळ्या, लांबट बिया आहेत आणि झाकणावर वहीच्या कागदाची चिठ्ठी चिकटवलेली आहे. अक्षर दुसरीतल्या मुलीचं. 'कोण खातं? कोणीच न्हाई.' दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहा म्हणून संपादकांचा तगादा चालूच होता. म्हटलं, हेच लिहावं. यात माझी फारशी शोभा नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी जुन्या जालन्यातली. खाली कापडाचं दुकान, वर आम्ही भाड्यानं, वडील कचेरीत कारकून. शेत पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून. नोकरी लागली जिल्हा परिषदेच्या शाळेत, आणि पहिल्याच महिन्यात मी शेतातल्या तुरीला 'ही कसली झुडपं' असं विचारून चौथीच्या पोरांची करमणूक केली. तेव्हापासून झाडापाल्याची नावं मी पोरांकडूनच शिकले. शेवटची दहा वर्षं वाटूरपासून आत असलेल्या एका लहान गावात काढली. जालन्याहून वाटूरपर्यंत एसटी, पुढं जीप मिळाली तर जीप, नाहीतर पाय. शाळेत शिक्षक दोनच. तिसरी-चौथी मुख्याध्यापक कदम सरांकडं, पहिली-दुसरी माझ्याकडं.

पहिलीला काय शिकवायचं असतं, असं बाहेरच्यांना वाटतं. दोन दिवस शिकवून बघावं. सहा वर्षांच्या पोराला 'सात' म्हणजे काय हे सांगता येत नाही. सात चिंचोके हातात देता येतात. सरकारकडून मणी, ठोकळे, तक्ते असं साहित्य येतं, पण ते हरवलं तर जाब द्यावा लागतो, म्हणून बहुतेक शाळांत ते कपाटात कुलपाआड सुखरूप असतं. मी विचार केला, हरवलं तरी चालेल असं साहित्य पाहिजे. एककाला चिंचोके, दशकाला दहा तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांची, जुडी. आकार शिकवायला पानं. वेळ शिकवायला झेंड्याच्या खांबाची सावली. पोरं येताना खिसे भरून आणायची आणि मी डब्यांत भरून ठेवायची.

वजाबाकीला मात्र माझ्याकडं हुकमी एक्का होता. भुईमुगाचे दाणे. प्रत्येकापुढं पाच दाणे ठेवायचे. "दोन खा." दोन खायचे. "किती राहिले?" तीन. वजाबाकी म्हणजे काहीतरी कमी होणं, हे तोंडात दाणा असताना जसं कळतं तसं फळ्यावर कळत नाही. एकदा आमचे केंद्रप्रमुख तपासणीला आले. दहा-बारा शाळांवर देखरेख करणारे साहेब म्हणजे केंद्रप्रमुख. त्यांनी पहिलीतल्या एका पोराला उभं केलं आणि विचारलं, "पाचातून दोन गेले तर?" पोरानं माझ्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं आणि विचारलं, "खाऊ का?" साहेब पोट धरून हसले. मग स्वतःच मूठभर दाणे घेऊन वजाबाकी करत बसले. पुढच्या शिक्षण परिषदेत त्यांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं आणि मी महिनाभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होते.

मी बेफिकीर होते असं कुणी समजू नये. जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. औषध लावलेलं गुलाबी बियाणं पिशवीतून सांडतं आणि पोरांना ते गोळ्यांसारखं दिसतं. असलं बी वर्गात आणायचं नाही, हात लावला तर साबणानं धुवायचे, हा माझा नियम इतका कडक होता की पोरं घरी बापालाही दटावायची. पुढच्या दाराला मी असं भक्कम कुलूप लावलं होतं. मागचं दार सताड उघडं होतं.

ते मागचं दार म्हणजे शाळेचं कुंपण. काही वर्षांपूर्वी गावानं शाळेभोवती चंद्रज्योत लावली होती. कुणी त्याला मोगली एरंड म्हणतं. झटकन वाढते, पाणी मागत नाही, आणि मुख्य म्हणजे गुरं तिला तोंड लावत नाहीत. गुरं तोंड लावत नाहीत हे मी दहा जणांच्या तोंडून ऐकलं होतं. का लावत नाहीत, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, त्या आठवड्यातली गोष्ट. दोन्ही वर्गांना एकत्र बसवून मी बियांचा पाठ घेत होते. तासाच्या आधी पोरांना सांगितलं, जी सापडेल ती बी आणा. ताटात हरभरा आला, तूर आली, भुईमूग आला, आणि कुंपणावरून ओंजळभर चंद्रज्योत आली. भिजवलेला हरभरा सोलून मी आतला कोंब दाखवला. मागच्या पोरांना दिसेना. मग मी ताटातली चंद्रज्योतीची मोठी बी घेतली, पाटीच्या कडेनं फोडली आणि आतला पांढराशुभ्र गर वर धरला. "बघा, शेंगदाण्यासारखा आहे की नाही? झाड आपल्या लेकराला अशी शिदोरी बांधून देतं. मुळं फुटेपर्यंत बाळरोप हीच शिदोरी खातं."

दुसरीतल्या पायलचा हात वर आला. पायलचा हात कायम वरच असायचा. वर्गात पंचवीस पोरं असतील तर चोवीस जणांचे प्रश्न एकीकडं आणि हिचे एकीकडं. "म्याडम, ती शिदोरी आपण खाल्ली तं?"

मी हसून म्हणाले, "खातोच की आपण. हरभरा काय, तूर काय, शेंगदाणा काय. सगळ्या बियाच ना?"

आणि घंटा झाली.

दुपारची खिचडी झाली, सुट्टी झाली. पुन्हा वर्ग भरल्यावर अर्ध्या तासात पहिलीतल्या एका मुलीला उलटी झाली. मग दुसऱ्या पोराला. पाच जणं झाली, त्यात पायलही होती. पोरं पोट धरून वाकली होती. शाळेत असं काही झालं की महाराष्ट्रात पहिलं नाव एकच निघतं, खिचडी. हां हां म्हणता गाव जमलं. खिचडी शिजवणाऱ्या काकी पातेल्याजवळच उभ्या होत्या. "म्याडम, मी सोता खाल्ली हो, माझ्या नातवानं खाल्ली," एवढंच म्हणत होत्या. कदम सर जीप बोलवायला धावले.

खिचडी मीही खाल्ली होती, म्हणून माझं मन दुसरीकडं धावलं. पोरं दुपारी कुठं खेळत होती ते बघायला मी कुंपणाकडं गेले. तिथं एक सपाट दगड होता आणि त्याच्याभोवती काळ्या टरफलांचा सडा पडला होता. त्या क्षणी मला सगळं कळलं. ताट, शेंगदाणा, शिदोरी, 'खातोच की आपण'. 

टरफलं मुठीत घेऊन मी जीपमध्ये बसले. दवाखान्यात डॉक्टरांच्या हातात दिली. त्यांनी एकदा बघितलं आणि भराभर कामाला लागले. सलाइनं लागली. पाचही पोरं संध्याकाळपर्यंत सावरली, एक दिवस ठेवून घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सोडली. वेळेत आणलं, काय खाल्लं ते कळलं, म्हणून बरं झालं, असं डॉक्टर म्हणाले.

आता खरं सांगायची गोष्ट इथून पुढं आहे. बाहेर कदम सरांनी विचारलं, "काय झालं नेमकं?" मी म्हणाले, "सुट्टीत पोरांनी कुंपणावरच्या बिया खाल्ल्या." यात एकही शब्द खोटा नव्हता. तेच अहवालात गेलं. काकी सुटल्या, माझ्या पायाच पडल्या. टरफलं ओळखली म्हणून गावात माझं कौतुक झालं. केंद्रप्रमुखांनी फोन करून प्रसंगावधान असा मोठा शब्द वापरला. आणि बिया कोणी फोडल्या, बाकीच्यांना कोणी दिल्या, याची चौकशी झाली तेव्हा चारही पोरांनी एकच नाव सांगितलं. पायल.

त्या पोरीला घरी मार बसला. पारावर, पाणवठ्यावर, जाता-येता लोक तिला आगाऊ म्हणू लागले. "हिनंच घातलं बिया खायला समद्यांना." ती एकदाही म्हणाली नाही की म्याडमनी असं सांगितलं होतं. मी एकदाही म्हणाले नाही की हो, मी सांगितलं होतं. आठ वर्षांची पोर आणि पन्नाशी ओलांडलेली बाई, दोघी गप्प. त्यातल्या एकीच्या गप्प बसण्यात फायदा होता.

गावानं कुंपण तोडून टाकलं. कदम सरांनी सांगितलं, "म्याडम, काही दिवस तक्त्यांवरच भागवा." माझे डबे कपाटात गेले, मणी बाहेर आले. मी तक्त्यावर छडी फिरवून पाठ घेऊ लागले. तक्त्यावरच्या बीचा एक फायदा असतो, ती कुणाला खाता येत नाही.

पायल शाळेत रोज यायची. पुढच्या रांगेतून मागं जाऊन बसली. हात वर येणं बंद झालं. मी मुद्दाम सोपा प्रश्न टाकून तिच्याकडं बघायची, ती पाटीकडं बघायची. खाई त्याला खवखवे म्हणतात. माझं जेवण उडालं. तरी रोज वाटायचं, आता मिटलंय, आपोआप निवळेल, पोरं विसरतात. असे चांगले पाच-सहा आठवडे गेले.

एक दिवस दुपारी पायलची आजी शाळेत आली. गयाबाई. उभा जन्म शेतात गेलेली, कमरेत वाकलेली, बोलायला सडेतोड. ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "म्याडम, एक इचारू का? राग मानू नका."

"विचारा ना आजी."

"आमची पायल लई इचारते. बोर खाऊ का, इचारते. डब्यातला दाणा खाऊ का, इचारते. इचारल्याबिगर पोरगी तोंडात काही घालत न्हाई, तिच्या मायचा जीव खाती इचारून इचारून. मंग ही बी तिनं इचारल्याबिगर कशी खाल्ली? मला काही हे बराबर वाटून न्हाई राह्यलं."

  आतून एकच आवाज येत होता की तिनं विचारलं होतं, मलाच विचारलं होतं.

"आजी," मी शेवटी म्हणाले, "तिनं विचारलं होतं. मला. मी खा म्हणाले नाही, पण नको असंही म्हणाले नाही. बिया आपण खातोच, असं म्हणाले." आणि मग दाण्यांच्या वजाबाकीपासून फोडलेल्या बीपर्यंत सगळं सांगितलं. सांगताना रडले. गयाबाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "जे ढोर तोंडात घेत न्हाई, ते लेकरापुढं ताटात ठेवलं तुम्ही. शिकलेल्या मानसाला इतकं बी कळत न्हाई म्हणजे नवल हाये." मग पदर सावरून उठल्या. "पर हे मला काहून सांगता? तिला आगाऊ कोणी म्हणलं? त्यान्ला सांगा."

शनिवारी पालकसभा होती. आदल्या दिवशी मी कदम सरांना सांगितलं की मी उभी राहून बोलणार आहे. ते भले गृहस्थ, घाबरले. "म्याडम, मिटलेलं प्रकरण आहे. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत तुमची. कशाला हात दाखवून अवलक्षण?" मी म्हणाले, "सर, पोरगी बोलायची बंद झाली."  ते नुसता चष्मा पुसत बसले.

सभेत मी उभी राहिले आणि सांगितलं. पाठ कसा घेतला, बी कशी फोडली, पायलनं काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं. "पोरं वजाबाकीत ताटातलं खात होती, ते मीच शिकवलं होतं. पायलची चूक नाही. तिनं विचारून केलं. चूक माझी आहे आणि इतके दिवस ती मी तिच्यावर ढकलली." हे शेवटचं वाक्य घरी पाठ करून गेले होते, तरी अडखळले.

 मग आजारी पडलेल्या एका पोराचा बाप उठला. "म्याडम, लेकरू गेलं असतं तं?"  तो तसाच बाहेर गेला. पुढच्या जूनला त्यानं पोराचं नाव काढून इंग्रजी शाळेत घातलं. माझी त्याच्यावर नाराजी नाही, मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं. खिचडीच्या काकी मात्र उठून पायलजवळ गेल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पायल आजीला चिकटून दाराशी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

सोमवारी मी डबे बाहेर काढले. कदम सरांना विचारून काढले. गयाबाईंना मी निरोप दिला होता, त्याही आल्या आणि वर्गाच्या उंबऱ्यात बसल्या. मी ताटात एकेक बी ठेवत गेले आणि पोरांना म्हणाले, "आज मोजायचं नाही. आज प्रत्येक बीचं एकच बघायचं. कोण खातं? मला सगळ्यांचं माहीत नाही. जे मला येणार नाही ते आजी सांगतील."

मग त्या बाईनं जो तास घेतला तसा मी आयुष्यात घेतला नाही. बाभळीची शेंग हातात घेऊन म्हणाल्या, "ही शेळी खाती." सरकी, "म्हशीला घालतेत, दूध येतं." चिंचोका, "भाजून मानूस खातं, कच्चा न्हाई." सीताफळाची बी, "गर खायाचा, बी थुकायची. कुटून डोक्याला लावतेत उवा मारायला, पर डोळ्यात गेली की डोळा गेला." त्या सांगतील तसं पोरं डब्याडब्यावर चिठ्ठी लिहून चिकटवत होती. चिकटवायला खिचडीतलं भाताचं शीत.

शेवटी मी लहान डबा उघडला. कुंपण तोडलं त्या दिवशी त्यातल्या मूठभर बिया मी ठेवून घेतल्या होत्या. का ठेवल्या, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पोरं मागं सरकली. गयाबाई म्हणाल्या, "कोणीच न्हाई. ढोर न्हाई, शेळी न्हाई, मानूस तं बिलकुल न्हाई."

"ही चिठ्ठी कोण लिहितंय?" मी विचारलं. कुणी पुढं येईना. थोड्या वेळानं मागच्या रांगेतून पायल उठली. माझ्यासमोर येऊन बसली, कागद घेतला आणि मान खाली घालून लिहू लागली. लिहिता लिहिता, वर न बघता, हळूच म्हणाली, "म्याडम, मंग तवाच काहून न्हाई सांगितलं?"

 

"भ्याले होते गं," मी म्हणाले.

तिनं चिठ्ठीवर शीत दाबलं, बोटानं पसरवलं. "मला वाटलं, तुम्ही तसं म्हणलंच न्हाई. माझ्याच मनानं झालं."

चुका करत काढलेल्या माझ्या सगळ्या नोकरीत मला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य तेच आहे. पोरांना विष होईल असं काही मी ताटात ठेवलं, त्यावर दवाखान्यात औषध मिळालं. पण त्या पोरीला पाच-सहा आठवडे वाटत राहिलं की तिचे स्वतःचेच कान खोटे आहेत.

"तू विचारलं होतंस," मी म्हणाले. "आणि मी तसं म्हणाले होते. तू बरोबर ऐकलं होतंस."

तिनं चिठ्ठी झाकणावर ठेवून तळहातानं दाबून धरली. चांगली दाबली, जरा जास्तच वेळ. मग डबा बाजूला सरकवला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "म्याडम, ही बी जर कोणीच खात न्हाई, तं मंग एवढी शिदोरी झाडानं बांधली कशाला?"